वगळलेले तीन तारे

एका तारकागुच्छाचं वय काढायचं काम मी अडतिसाव्या वर्षी अंगावर घेतलं. शहापूरच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मुलांना भिंगं, विजेच्या तारा, वजनं काढून द्यायची आणि संध्याकाळी परत कपाटात लावायची, हे माझं काम. लग्नानंतर सुटलेली एम.एस्सी. मी घरूनच पुन्हा धरली होती आणि शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. कल्याणच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई मार्गदर्शन करायला तयार झाल्या. गुच्छ त्यांनीच सुचवला. कृत्तिकांसारखाच, एका ढगातून एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा, पण इतका दूरचा की नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.

लोकांना वाटायचं मी गच्चीवर दुर्बीण लावून जागत असणार. माझं सगळं काम व्हायचं ते आटगावला, माहेरच्या ओटीवर, रविवारी दुपारी. अवकाशातल्या दुर्बिणीनं मोजलेले आकडे कुणालाही फुकट मिळतात. ते मी लॅपटॉपवर उतरवून घेतले होते. शेजारी बाबा भिजवलेले वाल सोलत बसायचे. भातसा धरणावर त्यांनी सगळी नोकरी पाण्याची पातळी वाचण्यात काढली होती.

"इतक्या ताऱ्यांत तुझे कुठले, ते कसं कळतं?" त्यांनी एकदा विचारलं.

"एका गुच्छातले तारे एकाच दिशेनं, एकाच वेगानं सरकतात. आणि सगळे आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात. बाकीचे नुसते मधे दिसतात."

"आणि वय?"

"जो तारा जितका निळा आणि झगझगीत, तो तितका लवकर संपतो. तसले अजून जिवंत असले तर गुच्छ लहान."

"लहान म्हंजे किती?"

"असेल कोटभर वर्षांचा."

बाबा हसायलाच लागले. "कोटभर वर्षांचा आणि लहान! मंग तू अडतीसचं काय घेऊन बसलीस गो?"

पण माझं उत्तर कोटभर येईना. रंग आणि तेज यांचा आलेख काढला, मधल्या धुळीनं ताऱ्यांना आलेली लाली हिशेबातून वजा केली, तरी वय यायचं वीस कोटी. बाईंनी आलेख पाहून फोन केला. "अगं, या गुच्छाभोवती अजून जन्माच्या वेळचा वायू शिल्लक आहे. वीस कोटी वर्षांत तो कधीच उडून गेला असता. कुठेतरी चुकतंय."

मी महिनाभर धुळीचे आकडे बदलून पाहिले. काही हललं नाही. एका रविवारी मी लॅपटॉप मिटला आणि बाबांना म्हटलं, "या वयात हे झेपायचं नाय मला."

त्यांनी मान वर केली नाही. विचारलं, "जे तारे काढून टाकलेस, ते कुठं ठेवलेस?"

"ठेवले नाय. प्रोग्रामच काढतो. ज्याची चाल जुळत नाय तो बाद."

"तू बघितलेस नाय?"

"शेकड्यांनी असतात, बाबा."

"आमी पाण्याचा आकडा कधी खोडला नाय," ते म्हणाले. "विचित्र वाटला तरी लिवायचा, आणि बाजूला शेरा मारायचा. एकदा साहेब म्हणाले, तुझ्या वाचण्यात चूक आहे, खोड. मी नाय खोडला. मागनं कळलं, पाण्यातली मोजपट्टीच जागची सरकली होती."

रागानंच मी लॅपटॉप पुन्हा उघडला. वगळलेल्या ताऱ्यांची यादी काढली आणि तेजानुसार लावली. सगळ्यात वर तीन निळे तारे होते. अंतर तिघांचंही गुच्छाएवढंच, फक्त चाल किंचित वाकडी. जुनी निरीक्षणं शोधायला आठवडा गेला. त्यांतले दोन जोडतारे निघाले. प्रत्येकाला एक साथीदार होता, तो ओढत असल्यामुळे चाल वाकडी दिसत होती. तिसऱ्याबद्दल काहीच सापडलं नाही; त्याला मी बाहेरच ठेवला, कारण लिहून.

लवकर संपणारे ते दोन निळे तारे आलेखात बसवले आणि वय कोटभर वर्षांवर आलं. मी तीन वेळा पुन्हा करून पाहिलं. मग बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ते दोन तारे कसे सापडले, हे सविस्तर लिही. प्रकल्प तोच आहे तुझा."

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच विचारलं, आणि मी न अडखळता अर्धा तास बोलले. इतकं सलग आयुष्यात कुणी माझं ऐकून घेतलं नव्हतं.

या जूनपासून कॉलेजनं मला बारावीचे दोन तास दिलेत. शनिवारी तास संपल्यावर मुरबाडहून एसटीनं येणाऱ्या चार मुली मागे थांबतात. त्यांनी स्वतःच एक गुच्छ निवडलाय, माझ्या गुच्छापेक्षाही दूरचा. अंतर अजून जुळत नाही. परवा त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, तुमी सांगू नका हां, आमीच काढतो." मी खडू ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.