माघारी फिरणारे कण

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात पीएचडी करत होतो आणि वडील चंदगडच्या एसटीवर कंडक्टर होते. दिवसभर काय करतोस, असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं. मी वैतागूनच सांगितलं, की सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रासमोर अडतो. काही कण तिथूनच माघारी फिरतात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात लाटा उठवतात.

"म्हंजे आमचंच की," ते म्हणाले. "पुलावर पाणी आलं की माघारी फिरताना समोरच्या गाडीला आम्ही हात करतोय. पर फिरलेलं कण घरी पोचत्यात न्हवं?"

"नाही. त्याच लाटा त्यांना पुन्हा तिकडंच लोटतात."

त्यांनी मान हलवली आणि उद्याच्या ड्यूटीसाठी डबा आईपुढं सरकवला.

त्या दिवसापासून मला ते कण खाकी कपड्यांतच दिसतात.