आवळलेला नट

माझा मोठा भाऊ शाळेची व्हॅन चालवतो आणि मी त्याच व्हॅनमध्ये मुलांना सांभाळायला बसते. मुलं त्याला काका म्हणतात, म्हणून मी आपोआप सगळ्यांची आत्या झाले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दादा मुळातच घाबरट. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, पाठीमागे नाही. घराला कुलूप लावलं की ओढून बघणार, जिना उतरणार आणि पुन्हा वर जाऊन ओढणार. गॅसचं बटण बंद केलं की नाही, या शंकेने अर्ध्या रस्त्यातून परत आलेला माणूस आहे तो. वहिनी म्हणते, "तुझा भाऊ कूस बदलायच्या आधीसुद्धा पलंग हलवून बघतो." आम्ही हसतो खरे, पण याच घाबरटपणावर आमचं घर चाललंय. लोक डोळे झाकून आपली पोरं त्याच्या हवाली करतात.

चाकाची भीती मात्र नुसत्या स्वभावातून आलेली नव्हती. शाळेच्या अलीकडे एक लांबलचक उतार आहे. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला खोल नाला. गेल्या वर्षी दुपारी आम्ही मुलांना आणायला तिकडे निघालो होतो. पुढे दादाच्या दोस्ताची, ज्याला सगळे लंबू म्हणतात त्याची, व्हॅन होती. दोन्ही गाड्या रिकाम्या होत्या, एवढंच नशीब. उताराच्या मध्यावर लंबूच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं. गाडी रस्ता खरवडत भिंतीवर आदळली आणि चाक एकटंच उड्या मारत खाली गेलं, पार शाळेच्या फाटकापर्यंत. लंबू वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा गेला. चाकाच्या मधोमध जो नट असतो तो सैल होता, त्याला अडवणारी पिन कुणी घातलीच नव्हती, असं पुढे कळलं. दादाने या सगळ्यातला एकच शब्द मनावर घेतला, सैल.

त्यानंतर काही दिवसांतच आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांचं दुखणं सुरू झालं. आधी डाव्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला. मिस्त्रीने बेअरिंग, म्हणजे ज्यावर चाक फिरतं ते कडं, बदललं. महिना-दीड महिना बरा गेला आणि पुन्हा तोच आवाज. मग उजवीकडूनही. मिस्त्रीने डोकं खाजवलं. एकदा म्हणाला, माल हलका निघाला. एकदा म्हणाला, तुम्ही गाडी धुताना पाण्याचा फवारा चाकावर मारता. दादाने धुणंच बंद केलं, खड्डा दिसला की गाडी बैलगाडीच्या चालीने न्यायला लागला, आणि बेअरिंग तरीही गेलं ते गेलंच.

उतार जवळ आला की दादा काच खाली करून मान बाहेर काढायचा आणि कान लावून ऐकायचा. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडायची. एकदा मागे मुलांनी गाणं धरलं, तर तो एवढ्या जोरात ओरडला की सगळ्यात धाकटी, पुढचे दोन दात पडलेली, रडायला लागली. मी तिला मांडीवर घेतलं आणि उतार संपेपर्यंत मीही चाकाचाच आवाज ऐकत राहिले. घरी तो धड जेवेना. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, हे झोपेत ब्रेक दाबतात."

शेवटी मिस्त्रीने एका सकाळी आमच्यासमोरच चाक उतरवलं. बेअरिंग फडक्यावर ठेवलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. लोखंड निळं पडलं होतं. आतल्या ग्रीसचा काळा कोळसा झाला होता.

"हे झिजलेलं नाही, जळलंय," मिस्त्री म्हणाला. "हा नट कोण आवळतं?"

"मी," दादा म्हणाला. शरमेने नाही, चांगला ताठ मानेने. "रोज सकाळी, मुलं बसायच्या आधी. पिन काढतो, जोर यावा म्हणून पान्याला पाइप लावतो आणि बसेल तेवढा बसवतो. तुम्ही सैल ठेवता ना."

मिस्त्री सोडला तर हे सगळ्यांना माहीत होतं. मुलांना गाडीत बसवायला आलेले आईबाप त्याला रोज चाकाशी वाकलेला बघायचे आणि कौतुक करायचे. किती काळजी घेतो हो हा माणूस!

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "अहो ड्रायव्हरसाहेब, मी सैल नाही ठेवत, जागा ठेवतो. चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित मागे घ्यायचा आणि पिन घालायची. गाडी चालली की आतलं लोखंड तापतं, फुगतं. त्याला अंग हलवायला जागा नको?"

"आणि चाक निघालं तर?"

"पिन कशाला असते मग?"

"पिन तुटली तर?"

मिस्त्री आधी हसला, मग दादाचा चेहरा बघून हसायचा थांबला. "ऐका माझं. असंच आवळत राहिलात तर एक दिवस बेअरिंग आतल्या आत जाम होईल आणि चाक खरोखरच जाईल. पोरांनी भरलेल्या गाडीचं."

दादा तिथल्या जुन्या टायरवर मटकन बसला. "म्हणजे मीच करत होतो?" एवढंच म्हणाला. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आधी संताप आला. वर्षभर तो आम्हाला सगळ्यांना उतारावरून नेत होता, आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने चाकाचा गळा आवळत होता!

नवीन बेअरिंग बसलं. मिस्त्रीने चाक वर-खाली धरून हलवलं आणि मलाही हलवायला लावलं. अगदी बारीक टक असं हाताला जाणवलं. "एवढं असलंच पाहिजे," तो म्हणाला. दादाने त्या चाकाला हात लावला नाही. घरी आल्यावर त्याने पाना माझ्याकडे दिला. "तुझ्या पिशवीत ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

त्याने दुसऱ्याच दिवशी मागितला. मुलं बसली होती, मी दार लावत होते.

"दे गं जरा. फिरवणार नाही, नुसता लावून बघतो."

"नाही."

"मुलं आहेत आत."

"माहीत आहे. मीपण आहे."

"तुझ्या पाया पडतो," माझा मोठा भाऊ मला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी पिशवी छातीशी धरली आणि आत जाऊन बसले. तो बराच वेळ चाकापाशी उभा राहिला. मग येऊन बसला आणि गाडी सुरू केली.

आवाज अजिबात नव्हता. उतार लागला तसं माझ्या हातात ते कालचं टक पुन्हा जाणवायला लागलं. मिस्त्री चुकला असेल तर? यापूर्वी नव्हता का चुकला, माल हलका म्हणाला होता, पाणी म्हणाला होता. पिन घातली होती ना त्याने? मी बघितली होती का? आठवेना. दादाला थांब म्हणावं, पाना द्यावा, असं जिभेवर आलं आणि भिंत सरकत राहिली. मी समोर बघायचं सोडलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आत्या," शेजारून धाकटी म्हणाली, "सोड ना, हात दुखतोय माझा."