वसंताला ओली माती हवी होती

भरावाच्या ठेकेदाराने मला फसवलं. गडब गावाजवळच्या माझ्या खारजमिनीत त्याने मुरूम सांगून खताच्या कारखान्यातली पांढरी भुकटी ओतली. वसंता गेल्याचा फोन रोह्याहून आला तेव्हा मी त्याच भरावावर उभा होतो. त्याला आता महिना झाला.

वसंता माझा शाळूसोबती. मी सहावीत शाळा सोडून हमरापूरच्या मूर्तिकारांना माती विकू लागलो, तो शिकून मुंबईला प्रयोगशाळेत लागला. अशा भुकटीत किरणोत्सारी रेडियम असू शकतं, हे त्यानेच सांगितलं.

"किती असंल?"

"शेठ, नुसतं किती नको विचारू. तुझं एखादं गिऱ्हाईक पहिल्या बोलीत सुटतं, एखादं शेवटपर्यंत अडून बसतं ना? तसंच हाय हे. मातीला आधी साधं पाणी द्यायचं, मग खारं, मग सौम्य आम्ल, शेवटी जालीम. कशात किती सुटतं ते बघायचं. तुझ्याकडं भरतीचं पाणी येतं, बाजूला वाडीची विहीर हाय."

तो तेव्हा रोह्याच्या घरी अंथरुणावर होता. भरावाखालचा चिखल मीच परस्पर त्याच्या जुन्या प्रयोगशाळेत पोचवला. पण आमच्या धंद्याच्या सवयीने... पत्र्यावर वाळवून, कुटून, चाळून. खाऱ्या पाण्यात जवळपास काहीच सुटलं नाही. तो अहवाल भरावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी कचेरीत गेला आणि ठेकेदार मिशीत हसला.

बरा झाल्यावर वसंता माझ्याकडे आला. पत्र्यावरची माती बघून थबकला.

"तो चिखलपण असाच वाळवलास?"

"व्हय."

त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "अरे गाढवा, काळ्या चिखलातलं लोखंड हवेनं गंजतं. मोकळं असलेलं रेडियम त्या गंजात अडकून बसतं. तू दिलीस ती तुझ्या शेतातली माती राहिलीच नव्हती!"

अहवाल ग्राह्य धरू नये, असं पत्र त्याने त्याच दिवशी कचेरीत दिलं. मग स्वतः चिखलात उतरून नवे नमुने काढले. ते पोचवायच्या आतच त्याचं हृदय थांबलं.

परवा वहिनींनी फ्रीज आवरायला काढला. भाजीच्या खणात दोन बाटल्या, काठोकाठ काळा चिखल, झाकणांवर त्याच्या अक्षरात 'वाळवू नये'. प्रयोगशाळा म्हणते, आता कचेरीचं पत्र आणा. कचेरी म्हणते, अहवाल आलेला आहे, भराव मंजूर झाला. आणि वाडीतल्या बायका त्याच विहिरीवर पाणी भरतात. मी ओरडलो की म्हणतात, "कागद आलाय ना, शेठ?"

वसंताचं पत्र मिळाल्याची पोच माझ्याकडे आहे. ते बाजूला सारून ज्या साहेबांनी भरावाला मंजुरी दिली, त्यांनी विहिरीवर येऊन या बायकांना उत्तर द्यावं.