लांबून आलेले पुढे

माणसाची योग्यता त्याच्या तळपायांवरून ठरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. पौडला मी पोस्टमास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. एकाच कौलारू इमारतीत एका अंगाला माझं पोस्ट आणि दुसऱ्या अंगाला लोकल बोर्डाचा फुकट दवाखाना. मधल्या भिंतीतून मला सगळ्या तालुक्याचा खोकला ऐकू येई. त्या दवाखान्याचे डॉक्टर उंच, किंचित वाकलेले, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी पायांकडे बघणारे. नव्या माणसाला वाटे, लाजाळू आहेत. ते लाजाळू मुळीच नव्हते. आलेला माणूस किती चालला आहे, ते बघत असत.

याला कारण होतं. बोर्डाकडून औषधांच्या पेट्या वर्षातून दोनदा येत आणि पुढच्या पेट्या येईपर्यंत त्या पुरवायच्या असत. आधीच्या डॉक्टरांच्या काळात पेट्या आल्याची बातमी फुटली, की पौडकर आपापल्या बाटल्या घेऊन धावत. फुकटचं औषध घ्यायला आजार होण्याची वाट बघावी, हे कोणाला पटत नसे. घरोघरच्या कोनाड्यांत लाल मिक्श्चरच्या बाटल्या पुढच्या आजारांसाठी भरून ठेवलेल्या असत. आणि धरणापलीकडच्या वाड्यांतली माणसं पहाटे निघून दुपारी पोचत, तेव्हा दवाखान्यात त्यांच्यासाठी उरे ते फक्त कंपाउंडरचं सांत्वन.

आमच्या डॉक्टरांनी आल्या आल्या रोजचं औषध ठरवून कपाटाला कुलूप घातलं आणि रांग उलटी केली. सकाळी तपासणी, पण औषध मिळायचं दुपारी, डोंगरातली माणसं पोचल्यावर. प्रत्येकाला पहिला प्रश्न, कुठून आलात. लांबून चालत आलेला पहिला, जवळचा शेवटी, आणि गाडीतून आलेला त्याच्याही मागे. अत्यवस्थ असेल त्याला रांग नव्हती. मात्र अत्यवस्थ कोण, हे डॉक्टर ठरवत. मी तर भिंतीला भिंत लावून राहणारा. माझी पाळी येईपर्यंत सर्दी आपल्या पायांनी निघून जाई.

मग पौडच्या लोकांना एकाएकी लांबलांबच्या सासुरवाड्या आठवू लागल्या. आमच्याच आळीतला एकजण पायांना चिखल फासून आला आणि थेट सासुरवाडीहून येतोय म्हणाला. डॉक्टरांनी नाडी धरून, काल रात्री तिथे काय जेवलास, म्हणून विचारलं. त्याने ऐटीत मटण सांगितलं. श्रावण चालू होता. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. डॉक्टर म्हणाले, “यावर माझ्याकडे औषध नाही,” आणि त्याला मागे बसवलं.

घोटावड्याच्या एका बागाईतदारांना जन्माचं अपचन होतं. ते छकड्यातून येत आणि अर्थातच सर्वांच्या मागे बसत. पुढे त्यांनी छकडा ओढ्यापाशी सोडून उरलेली वाट चालायला सुरुवात केली. ओढा दवाखान्याच्या खिडकीतून दिसतो, एवढंच डॉक्टर बोलले. तेव्हा छकडा ओढ्याच्याही बराच पलीकडे सुटू लागला. असं होत होत बागाईतदार निम्मी वाट चालू लागले आणि अपचन गेलं. तरीही ते येत राहिले, कारण औषध फुकट होतं.

एकदा बोर्डाचे कोणी बडे पाहुणे जीपमधून तपासणीला आले. हार झाले, फोटो झाला, जनतेच्या आरोग्यावर भाषण झालं. मग साहेबांनी खाजगीत आपला खोकला पुढे केला. डॉक्टरांनी त्यांना रांगेचं शेपूट दाखवलं. हे कोणत्या नियमात बसतं, असं साहेबांनी विचारलं. “सरकारनं लोकांना पाठवलेलं औषध सरकारच पिऊन गेलं, तर लोकांनी काय प्यायचं, साहेब?” डॉक्टरांनी हे अगदी मऊ आवाजात, साहेबांच्या बुटांकडे बघत विचारलं. साहेब न खोकता निघून गेले.

असा हा माणूस एका आषाढात स्वतःच आजारी पडला. ओढे भरले होते, पुण्याची गाडी बंद होती, आणि पेनिसिलिनच्या मोजक्याच कुप्या कपाटात होत्या. ताप उतरेना, बरगडीत कळ येई, श्वास लागे. कंपाउंडर माझ्याकडे आला आणि म्हणाला, न्यूमोनिया आहे आणि डॉक्टर सुई घेत नाहीत, तुम्ही सांगून बघा. मी भांडलो. अत्यवस्थ माणसाला रांग नसते, हा त्यांचाच नियम त्यांना ऐकवला. ते म्हणाले, अत्यवस्थ कोण हे मला कळतं, मी अजून रोगी तपासतोय. आणि खरोखरच सगळ्यांना तपासून झाल्यावर ते घोंगडी पांघरून ओसरीवर रांगेच्या टोकाला जाऊन बसले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहणारा माणूस. त्यांच्याइतक्या जवळून कोणीच आलेलं नव्हतं.

त्या दिवशी पहिली पाळी धरणापलीकडच्या एका म्हातारीची होती. गुडघ्याला चोळायचं तेल न्यायला ती भिजत आली होती. कंपाउंडरने हाक मारली तशी ती उठली, टोकाला बसलेल्या डॉक्टरांकडे तिने बघितलं, आणि म्हणाली, “माजी पाळी मी ह्यास्नी दिली.”

पाळी अशी देता येत नाही, डॉक्टर म्हणाले.

“का? चालले मी, पाय माजे, पाळी बी माजी. तुमी कोन न्हाई म्हननार?”

“आजी, उद्या एखादं पोर तापानं फणफणत आलं तर? कुप्या थोड्या आहेत.”

“आन् तुमी मेल्यावर त्या पोराला सुई कोन टोचनार? ह्यो पोस्टवाला?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाही माझ्याबद्दल शंका आली. डॉक्टरांनी घोंगडीतून दंड बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या पहिल्या माणसाने, कोणी न सांगता, तेच केलं. तिसऱ्या दिवशी घोटावड्याचे बागाईतदार छकडा घरीच ठेवून, गुडघाभर चिखलातून, त्या दिवशी सर्वांत लांबून, आले. पाळी देऊन टाकली आणि औषध न मागता परत गेले. पुढे ओढे उतरले, नव्या कुप्या आल्या. त्या पावसात एकाही पोराला सुईवाचून परत जावं लागलं नाही. डॉक्टर उठून हिंडू लागले.

हिवाळ्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या आदल्या आठवड्यात ते तेलाची बाटली घेऊन पायी म्हातारीच्या वाडीला गेले. परतले ते दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. पोस्टाच्या पायरीवर बसून त्यांनी वहाणा काढल्या. टाचा फुटल्या होत्या, बोटांना फोड आले होते. मी आतून पाण्याची बादली आणून ठेवली. त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि या वेळी आपल्याच पायांकडे बघू लागले.

“पोस्टमास्तर,” ते म्हणाले, “मी आपला नुसता विचारत होतो हो, कुठून आलात म्हणून. फार लांब आहे.”