ओवीचा दात पत्र्यावर जाता जाता वाचला

मंडळी, आत्ताच घरी पोचलेय आणि लगेच लिहितेय.

आज दुपारी माझी सहावीतली ओवी गल्लीत सायकलवरून तोंडावर आपटली. पुढचा दात मुळासकट बाहेर! रविवार असूनही आमच्या डेंटिस्टनी फोन उचलला. "दाताच्या मुळाला हात लावू नका. थंड दुधात घाला आणि लगेच निघा."

वळून बघते तर सासूबाई दात पत्र्यावर फेकायच्या बेतात! "पत्र्यार टाकलो काय नवो येता गो."

"आई, थांबा! हा पक्का दात आहे, पुन्हा नाही येणार!"

त्यांचा चेहराच उतरला. मग चारकोपपासून कांदिवलीपर्यंत रिक्षात त्यांनी दुधाचा डबा असा धरला, की एवढ्या खड्ड्यांत थेंब सांडला नाही.

डॉक्टर जेवण टाकून आल्या होत्या. दात जागेवर बसवून तारेने बांधला. म्हणाल्या, "टिकेल बहुतेक. इतका नीट कोणी सांभाळून आणला?"

आई खाली बघायला लागल्या. ओवीने तोंडातल्या कापसासकट त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू?

तुमच्याकडे आहे ना गं, रविवारी फोन उचलणारा डेंटिस्ट? आणि घरातल्या आजींना दुधाचं आधीच सांगून ठेवलंय ना?