आत्याबाईंचा पहिला नंबर

जिथं पहिला नंबर काढत नाहीत अशा ठिकाणी, मग तो स्वर्ग का असेना, माझ्या बायकोच्या आत्याबाई पाऊल ठेवायच्या नाहीत. नळदुर्गात त्यांचं घर आहे म्हणायचं एवढंच; त्या घरात त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. रांगोळी, पाककला, उखाणे, जिथं बक्षीस तिथं आत्याबाई! चहा ओतता ओतता पायात चपला सरकवायच्या आणि मला म्हणायच्या, “जावईबापू, बसून काय व्हतंय? उठा!” मी मुकाट गाडी काढायचो. सांगतो कुणाला! त्यांचा हुकमी एक्का म्हणजे जनावरांचं प्रदर्शन. काळ्या शेळीला न्हाऊ घालून, खोबरेल चोळून, मान वर धरून अंगणात चालवायच्या. परीक्षक जबडा उघडून दात बघतात, म्हणून रोज तिचं तोंड उघडायची तालीम. शेळी पहिली यायची आणि आत्याबाई गावभर पेढे वाटत सुटायच्या.

मग सोलापुरात लहान मुलींची सौंदर्यस्पर्धा निघाली. त्यांची नात सहा वर्षांची, पुढचे दात नुकतेच पडलेले. पण आत्याबाईंना चैन कुठलं! तेच खोबरेल निघालं, तेच अंगण. “मान वर! अन् तोंड मिटून हास, खिंडार दिसू देऊ नको.”

मी भीत भीत म्हणालो, “आत्याबाई, लेकरू आहे हो ते.”

“तुमी गप ऱ्हावा. नंबर काढायचाय.”

स्टेजवर पोर लिपस्टिक लावलेले ओठ घट्ट मिटून चालली. परीक्षक बाई वाकल्या, हनुवटी धरून तिचं तोंड इकडून तिकडं फिरवलं आणि म्हणाल्या, “दात दाखव बरं, बाळा.”

माझ्या शेजारची खुर्ची धाडकन पडली. आत्याबाई स्टेजवर! “सोडा तिला! शेळी हाय व्हय ती?”

सभागृह खो खो हसलं. त्यांनी पोरीला काखोटीला मारलं आणि तडक बाहेर आल्या. गाडीत त्यांनी पदरानं पोरीच्या ओठांवरची लिपस्टिक पुसली. पुसता पुसता म्हणाल्या, “त्या बाईला काय बोलायचं, जावईबापू? शेळीवानी चालवली तर म्याच.”

आता नातीला चांगले पांढरेशुभ्र दात आलेत. तरी हसू आलं की तिचा हात तोंडावर जातो. आत्याबाई हल्ली कुठल्याच स्पर्धेला जात नाहीत. डोक्याला पदर गुंडाळून अंगणात नाचतात, शेळीसारख्या ओरडतात, तिला हसवायला काय काय करतात. पोरीचा हात वर गेला की हळूच खाली घेतात. “हास की गं बाय, हितं कोन बी नंबर द्यायला न्हाय.”

पोर शहाण्यासारखा हात खाली ठेवते, आणि ओठ मिटून हसते.