तोंडाजवळचं राहिलेलं काम

मला चार-पाच दिवस एका मातीच्या डोक्यावर पाणी मारायचं होतं. बस, एवढंच काम. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत सांगताना मी ती नेहमी माझ्या बाजूने फिरवते, आणि मग ऐकणारे म्हणतात, "जाऊ दे गं, वय काय होतं तुझं." वय एकवीस होतं. एकवीस वर्षांच्या घोडीला कापड भिजवता येतं.

आमचं चित्रकलेचं कॉलेज म्हणजे चार खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. खोल्यांत आम्ही पेंटिंगवाले, शेडमध्ये शिल्पकलेचे. शिल्पकलेला आमच्या वर्षी तीनच जण होते, त्यातली एक माझी मैत्रीण. भंडाऱ्याकडची. धायरीला तिघींत एक खोली घेऊन राहायची आणि दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी हजर व्हायची. मी शनिवार पेठेतली, चालत दहा मिनिटांवर, आणि रोज उशिरा. आमच्या घरी चित्रकला हा मुलीचं लग्न ठरेपर्यंतचा उद्योग होता.

डिप्लोमासाठी समोर माणूस बसवून त्याचं डोकं मातीत करायचं होतं. बाकीच्या दोघांनी कॉलेजचा नेहमीचा मॉडेल घेतला. हिने गावाहून आईला बोलावलं. आई आठ दिवस राहिली. स्टुलावर नुसतं बसायची तिला लाज वाटायची, म्हणून मांडीवर लसूण घेऊन सोलत बसायची आणि म्हणायची, "माह्या थोबाडात काय पाहाचं हाय व?" मीही वर्ग चुकवून तिथे जायची आणि कोपऱ्यात बसून पेन्सिलने तिला काढायची. पाच चित्रं काढली. मला ती फार आवडली होती. आई आणि चित्रं, दोन्ही.

आई परत गेली आणि महिन्याभराने घरमालकांच्या फोनवर निरोप आला, आईला कावीळ झालीय, ये. काविळीला काय घाबरायचं, आम्ही सगळेच म्हणालो. निघताना ती मला शेडमध्ये घेऊन गेली. माती वाळू नये म्हणून डोक्यावर ओलं कापड आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. "तोंडाजवळचं थोडं राहिलंय. आल्यावर करते, मग साचा काढू," ती म्हणाली. साचा काढताना मातीचं मूळ काम मोडतंच, म्हणून मनासारखं झाल्याशिवाय कोणी तो काढत नाही. "रोज पाणी मारजो हं," ती म्हणाली. घाईत असली की तिचं 'मारजो' बाहेर पडायचं.

दोन दिवस मी मारलं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी चहाच्या कपाखाली पेपरचं कात्रण ठेवलं. तेव्हा पुण्यात वेबसाइटचं खूळ होतं. औंधच्या एका बंगल्यात कंपनी निघाली होती, तिला चित्रं काढणारी मुलं हवी होती, कॉम्प्युटर ते शिकवणार होते. तीन दिवसांची परीक्षा. वडील म्हणाले, "जाऊन तर ये. मातीत हात घालून कोणाचं भलं झालंय?" मी गेले. एसी, फिरती खुर्ची, फुकट कॉफी. मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू? परत येईपर्यंत शेडला कुलूप लागलेलं असायचं. प्लॅस्टिक आहे की वरून, मी मनाला सांगायची. घाईत मी ते नीट बांधलंच नव्हतं, हेही मला ठाऊक होतं.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कापडाला हात लावला तर ते पापडासारखं कडक. एप्रिल, वर पत्रा. माती आकसते, आतली लोखंडी सळी आकसत नाही; कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग गेली होती. एक कान माझ्या हातात आला. मी घाबरून बादलीभर पाणी आणलं आणि ओतलं.

शेड सांभाळणारे मामा दारातून बघत होते. "वा! वाळल्या मातीवर बादली," ते म्हणाले. "इतकी वर्षं कॉलेजात काय शिकलात, ते कळलं." दुपारपर्यंत गाल सुटला, ओठ आणि हनुवटी घसरून पाटावर आली. मामा जवळ आले, या वेळी टोमणा नव्हता. "राहू द्या असंच. तिचं तिला बघू दे. तुम्ही हात लावू नका."

मी लावला. माझ्याकडे पाच चित्रं होती ना! ती समोर लावून मी गाल बसवला, कान बसवला, हनुवटी केली, ओठ केले. आणखी दोन दिवसांनी तिच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं, आई गेली. मी तिथेच खाली बसून रडले, मग उठून पुन्हा कामाला लागले. लाज वाटते सांगायला, पण आता मला आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटू लागलं होतं. ओठ सुरेख आले. मिटलेले, किंचित हसरे.

पंधरा दिवसांनी ती आली. ती दारात दिसताच मी सगळं बोलून टाकलं, नोकरी, बादली, कान. शेवटी म्हटलं, "पण मी नीट केलंय गं."

तिने कापड काढलं.

"ही तुझ्यासमोरची आई आहे," ती म्हणाली. "तिचे दात पुढे होते. पाहुणे आले की ती असं तोंड मिटून घ्यायची. माझ्यासमोर नाही मिटायची."

मग ती कामाला बसली. तीन दिवस मी शेडच्या पायरीवर बसून होते. ती ओठ कापायची, उघडायची, पुसायची, पुन्हा करायची. घरी आईचे दोनच फोटो होते, लग्नातला आणि मतदार ओळखपत्राचा. ओळखपत्रात तर आपण स्वतःलाही ओळखू येत नाही. तिसऱ्या दिवशी तिने हातातली कोरणी खाली ठेवली.

"डोळे मिटले तरी तू केलेलं तोंडच दिसतं मला आता," ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर मी सोसला असता. "मी जायच्या आधी ओठ थोडे उघडे केले होते. तू रोज बघत होतीस ना? सांग ना गं. किती उघडे होते? दात किती दिसत होते?"

मी दोनच दिवस पाणी मारलं होतं, आणि दोन्ही दिवस कापडावरूनच ओतून निघाले होते. तिने केलेलं तोंड मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं; कापड काढलं तेव्हाही मला फक्त भेग दिसली होती. आधी कोपऱ्यात बसायची, तेव्हाही माझं लक्ष माझ्याच चित्रात असायचं.

मी दोन बोटं तिच्यापुढे धरली. त्यांच्यात जेमतेम फट ठेवली आणि म्हटलं, "एवढे."

तिने तेवढे केले. मागे सरून पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"हो गं," ती म्हणाली. "हीच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून साचा काढला.